एका देहात सिंधू आणि सुधाकर : ‘एकच प्याला’ एकट्याने उभे करताना

दारूच्या व्यसनाने एका संसाराचा नाश कसा होतो हे दाखवणारे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे पाच अंकी नाटक एका नटाने एकट्याने करावे, ही कल्पना मी प्रथम बोलून दाखवली, तेव्हा बहुतेकांनी तिचा अर्थ निवडक प्रवेशांचे अभिवाचन असा घेतला. माझ्या मनात तसे नव्हते. हातात संहिता न धरता आणि निवेदनाचा आधार शक्य तितका कमी घेऊन व्यसनात बुडणारा वकील सुधाकर, त्याची पत्नी सिंधू, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम, त्याचा मित्र रामलाल, तळीरामाची बायको गीता ही सगळी माणसे एकाच देहातून प्रेक्षकांसमोर यावीत आणि नाटक हे नाटक म्हणूनच घडावे, अशी माझी इच्छा होती. त्या इच्छेपासून प्रयोगापर्यंत जे काही करावे लागले आणि करता करता या नाटकाबद्दल जे कळत गेले, ते येथे लिहीत आहे.

सांगलीत हौशी रंगभूमीवर वाढलेल्या माणसाला हे नाटक बाहेरून शिकावे लागत नाही. घरात त्याची पदे कानावर पडतात, गणेशोत्सवात त्यातले प्रवेश होतात आणि वडीलधाऱ्यांना सुधाकरची भाषणे तोंडपाठ असतात. पुढे एका पूर्ण संचातल्या प्रयोगात मी रामलालची भूमिका केली आणि त्यानंतर काही वर्षांनी सुधाकरचीही केली. सुधाकर करताना मला जे जाणवले, त्यातूनच एकपात्री प्रयोगाचा विचार जन्मला. या नाटकात बोलणाऱ्या माणसाइतकेच ऐकणारे माणूस महत्त्वाचे आहे. सुधाकर पानभर बोलतो तेव्हा रामलाल ऐकत असतो. सिंधूचा भाऊ पद्माकर माहेरी चलण्याचा आग्रह धरतो तेव्हा सिंधू ऐकत असते. तळीराम आपले तर्कट मांडतो तेव्हा सुधाकर ऐकत असतो, आणि त्या ऐकण्यातच त्याचा पुढचा नाश ठरत जातो. संचातल्या प्रयोगात ऐकणारा नट बहुधा स्वतःच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा असतो. बोलणे आणि ऐकणे या दोन्हींची जबाबदारी एकाच नटावर आली तर या नाटकातले ऐकणे दिसू लागेल, अशी माझी धारणा झाली आणि पुढची सारी तयारी त्याच एका धारणेवर उभी राहिली.

एकट्याने अनेक माणसे उभी करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे आख्यान सांगण्याच्या उत्तरार्धात, कीर्तनकार एकाच जागी उभा राहून राजा, राणी, ऋषी आणि दूत या सगळ्यांच्या तोंडचे बोलतो आणि त्यासाठी त्याला उपरण्याची टोके सावरण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हाही कथानकाचा भार सूत्रधाराच्या गायनावर होता. पुढे पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने केले. ‘वऱ्हाड’मध्ये तर तब्बल ५२ पात्रे एका नटातून प्रकटत. पण ‘चाळ’ हे मुळात एकाच निवेदकाने सांगितलेले लेखन आहे आणि ‘वऱ्हाड’ तर एका माणसाने सादर करण्यासाठीच झालेले आहे. ‘एकच प्याला’ एका नाटक मंडळीसाठी, मोठ्या संचासाठी आणि विशिष्ट गायक नटांसाठी लिहिले गेले. ते एका माणसासाठी करायचे म्हणजे नवी रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी संपादित केलेली संहिता, तयार करणे भागच होते.

गडकऱ्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि महिना पुरा होण्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर. मूळ संहिता पुन्हा वाचताना ही गोष्ट मी सतत ध्यानात ठेवली. नाटककार तालमीला हजर असता तर त्याने स्वतःच काही ठिकाणी लेखणी चालवली असती, असा समज करून घेण्याचा मोह संपादकाला होतो. तो मोह मी टाळला. जे वाक्य घ्यायचे ते पूर्ण घ्यायचे, नाहीतर सबंध वगळायचे, असा नियम आम्ही घालून घेतला. गडकऱ्यांचे वाक्य मध्येच तोडले की त्यातला तोल जातो. उपमांची चढती रांग शेवटच्या शब्दावर येऊन थांबण्यासाठीच रचलेली असते.

‘आम्ही’ म्हणताना मला आमच्या दिग्दर्शिकेचा उल्लेख केला पाहिजे. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. एकपात्री प्रयोगाला दिग्दर्शक कशाला हवा, असे मला विचारले जाते. माझ्या मते तो इतर कोणत्याही प्रयोगापेक्षा येथे अधिक हवा, कारण समोर सहकलाकार नसल्याने नटाला स्वतःच्या खोटेपणाची सूचना देणारे दुसरे कोणी रंगमंचावर नसते. तालमीच्या पहिल्या टप्प्यात ताईंनी मला कोणतेही पात्र ‘वठवू’ दिले नाही. त्यांनी सगळी संहिता एका आवाजात, एका लयीत, जमिनीवर मांडी घालून म्हणायला लावली. प्रत्येक संवादानंतर त्या विचारायच्या, “हे कुणी ऐकलं? त्याला काय झालं?” त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर पुढे जायचे नाही, असा दंडक होता.

काटछाटीचा सर्वांत अवघड भाग सुधाकरची बहीण शरद, तिच्या प्रेमात पडणारा भगीरथ आणि रामलाल यांच्या उपकथानकाचा होता. आजच्या बहुतेक संक्षिप्त प्रयोगांत ते पूर्ण वगळले जाते आणि वेळेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण ते वगळले की रामलालचे काय होते, हे मी स्वतः ती भूमिका केल्यामुळे जाणून होतो. सुधाकरला उपदेश करणारा, सिंधूला धीर देणारा रामलाल केवळ सज्जन उरतो. मूळ नाटकात मात्र बालविधवा शरदविषयी त्याच्याही मनात अभिलाषा जागी होते आणि व्यसनी मित्राला सावरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मनाशी झगडावे लागते. गडकऱ्यांनी दारूच्या नाटकात ही दुसरी धुंदी मुद्दाम ठेवली आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून शरद आणि भगीरथ यांचे स्वतंत्र प्रवेश वगळून मी रामलालचे आत्मपरीक्षण तेवढे ठेवले आणि त्याला आवश्यक तो संदर्भ निवेदनाच्या मोजक्या वाक्यांत दिला. संपूर्ण प्रयोगात निवेदन फक्त अशाच ठिकाणी येते.

नवी रंगावृत्ती, नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या शासकीय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेतले आणि मग खऱ्या तालमी सुरू झाल्या.

गडकऱ्यांच्या पल्लेदार वाक्यांचे पाठांतर कठीण असते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. माझा अनुभव तसा नाही. त्या वाक्यांना आतून लय आहे, अनुप्रास आहे, एका शब्दाने दुसऱ्याला हाक मारण्याची सवय आहे, त्यामुळे ती लवकर पाठ होतात. कठीण असतो तो श्वास. संचातल्या नाटकात सुधाकरचे भाषण संपले की रामलाल बोलतो आणि तेवढ्यात सुधाकरच्या नटाला छाती भरून घेता येते. एकट्याला ती सवलत नसते. सुधाकरचा शेवटचा शब्द संपतो त्याच क्षणी रामलालचा पहिला शब्द त्याच फुप्फुसांतून यायचा असतो. आरंभी मी सुधाकरचा उरलेला श्वास रामलालला देत होतो आणि त्यामुळे दोघेही एकाच माणसासारखे दमलेले वाटत होते. त्यावर आम्ही उपाय शोधला तो असा: एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने लगेच बोलायचे नाही, आधी ऐकून पुरे करायचे. म्हणजे देह वळतो, नजर बदलते, नवे पात्र त्या बोलण्याचा आघात सोसते, त्या सोसण्यातच श्वास भरून घेते आणि मग बोलते. श्वासासाठी शोधलेली ही जागा अभिनयाचीही मुख्य जागा ठरली. व्यसन माणसाला पायरीपायरीने कसे गिळत जाते हे सुधाकर रामलालला सांगतो, त्या प्रसिद्ध प्रवेशात मी रामलालच्या वाट्याची वाक्ये जवळजवळ सगळी गाळली आणि त्यांच्या जागी त्याचे ऐकणे ठेवले. भाषण थोडे लांबले, पण प्रेक्षागृहात त्याची टाळी बंद झाली. ती टाळी मला नकोच होती. टाळी पडते तेव्हा सुधाकरची कैफियत वक्तृत्व होते, आणि बुडत्या माणसाने आपल्या बुडण्याचा इतका नेमका हिशेब मांडावा, यातली भीती निघून जाते.

पात्रे वेगळी करण्यासाठी आवाज बदलण्याचा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आहे. नकलाकाराला तो शोभतो, पण दोन तासांच्या शोकांतिकेत बदललेला आवाज प्रेक्षकांना पात्राऐवजी नटाचे कौशल्य दाखवतो. आम्ही आवाजाला शेवटचा क्रम दिला. प्रथम ठरवली ती प्रत्येकाची नजर. सुधाकर समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहतो आणि दुसऱ्या अंकानंतर ते त्याला जमेनासे होते. तळीराम नेहमी बोलणाऱ्याच्या खांद्यापलीकडे, जणू तेथे आणखी कोणी गिऱ्हाईक उभे असावे तसा पाहतो. रामलाल बोलण्यापूर्वी क्षणभर खाली पाहतो. नंतर ठरला हातांचा स्वभाव, आणि त्यानंतर बोलण्याची गती. इतके झाल्यावर आवाज आपोआप थोडा थोडा बदलला आणि तेवढाच आम्ही राहू दिला. कोण कोठे उभा आहे याच्या जागाही पक्क्या केल्या होत्या. सिंधू पाटावर बसली असेल तर सुधाकरची नजर बरोबर तेवढीच खाली गेली पाहिजे. तीत चार बोटांचाही फरक पडला तर प्रेक्षकांच्या मनातली सिंधू नाहीशी होते. ताई तालमीत त्या पाटावर स्वतः बसत, आणि पुढे त्या उठून गेल्यावरही मला तेथे कोणीतरी बसलेले दिसू लागले.

तळीरामाबद्दल येथेच लिहितो. त्याचा विनोद इतका तल्लख आहे की एकट्या नटाला तो हवाहवासा वाटतो. गंभीर प्रवेशानंतर हशा मिळाला की धीर येतो. आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश आणि आजारी तळीरामाभोवती जमलेल्या डॉक्टर-वैद्यांचा प्रवेश हे दोन्ही मी ठेवले आहेत. पण तळीरामाला खलपुरुष करायचे नाही आणि विदूषकही करायचे नाही, हे पथ्य कसोशीने पाळावे लागते. वकिलीची सनद काही काळासाठी गेल्यामुळे अपमानाने पेटलेल्या सुधाकरपुढे तो पहिला प्याला करतो, तेव्हा त्याच्या मनात कपट आहे असे मला वाटत नाही. त्याला खरोखरच सुधाकरचे दुःख हलके करायचे आहे. दारूचे निमंत्रण नेहमी अशा आपुलकीच्या माणसाकडूनच येते, आणि प्रेक्षकांना तळीराम आवडला तरच तो प्याला त्यांनाही क्षणभर घ्यावासा वाटतो. त्या प्रवेशात मी हातात कोणतेही भांडे घेत नाही. पेला दिसला की लक्ष त्यातल्या रंगीत पाण्याकडे जाते. रिकाम्या हाताकडे पाहताना मात्र प्रेक्षक त्या हाताच्या मालकाकडे पाहतात.

सिंधूची भूमिका पुरुषाने करणे आज नवे वाटत असले, तरी या नाटकाचा जन्मच तसा झालेला आहे. ज्या बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांची चर्चा घरोघर होत असे, ते या नाटकात दारिद्र्याने गांजलेल्या स्त्रीच्या साध्या, विटक्या लुगड्यात रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांनी तीही सिंधू स्वीकारली. त्या परंपरेबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु तिचे अनुकरण मी करू शकत नव्हतो. लुगडे नाही, पदर नाही, बारीक आवाज नाही, मान वेळावणे नाही, असे ठरवून धोतर आणि सदरा या एकाच वेषात मी सिंधू करतो. तिच्यासाठी मी केवळ एक गोष्ट राखून ठेवली, ती म्हणजे काम. सिंधूचे हात कधी रिकामे नसतात. ती दळते, मुलाला थोपटते, काहीतरी आवरते, आणि हे करताना ऐकते. जात्याचा खुंटा धरून दळण्याची हालचाल मी शेजारच्या एका आजींकडून समजून घेतली. त्यांनी मला प्रथम हे सांगितले की दळणारी बाई हातांनी दळत नाही, कमरेतून दळते, आणि म्हणून तिचे बोलणेही त्या फेऱ्याच्या लयीत येते. त्या एका सूचनेने तो सारा प्रवेश बदलला. सिंधूचे संवाद जात्याच्या फेऱ्यावर बसू लागले. आणि सोशिकपणाची जी गोड, रडवी छटा त्या भूमिकेला वर्षानुवर्षे चिकटली आहे, ती श्रमामुळे पार गळून पडली.

आजच्या प्रेक्षकांना सिंधूचे पातिव्रत्य पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरुण स्त्रिया प्रयोगानंतर येऊन तसे सांगतात आणि त्यांचा राग योग्य आहे. तिला बंडखोर करण्यासाठी संहितेत बदल करण्याची सूचनाही मला झाली होती. मी ती स्वीकारली नाही, कारण गडकऱ्यांनी तिच्या शेजारीच तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. ती फटकळ आहे आणि नवऱ्याच्या व्यसनाला नावे ठेवायला मुळीच कचरत नाही. दोघींना एकत्र ऐकले तरच नाटक पूर्ण ऐकले असे होते. सिंधूच्या निष्ठेचा गौरव नटाने करू नये, तिची किंमत किती पडली तेवढे दाखवावे, असे मी मानतो.

पदांचा प्रश्न मोठा होता. गडकऱ्यांच्या या नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि बालगंधर्वांच्या गळ्यामुळे ती नाटकापेक्षाही दूरवर पोहोचली. मी गायक नाही. ध्वनिमुद्रित पदे वाजवून त्यांवर मूक अभिनय करण्याचा पर्याय आम्ही तालमीत तपासला आणि सोडून दिला, कारण दुसऱ्याचा आवाज येताच रंगमंचावरचा एकटेपणा संपतो. शेवटी सिंधू मुलाला घास भरवताना आणि निजवताना जे गाते तेवढेच, वाद्यांच्या साथीविना, घरातली बाई गुणगुणेल तसे म्हणायचे ठरले. पद्माकरला ती नकार देते त्या ठिकाणी पूर्वी पदाला वन्समोअर मिळत. तेथे मी गात नाही, बोलत नाही; पद्माकरचे शेवटचे वाक्य ऐकतो आणि जाते पुन्हा सुरू करतो. पदे ऐकायला आलेल्या रसिकांची त्यामुळे निराशा होते, आणि त्यांना अगोदर कळावे म्हणून प्रयोगाच्या जाहिरातीत तसे स्पष्ट छापावे, असा आग्रह मी धरतो.

आता त्या प्रवेशाबद्दल, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला असे मला वाटते. दारूच्या अंमलाखाली संशयाने पिसाळलेला सुधाकर काठी उगारतो, तान्हे मूल जाते आणि सिंधू जखमी होते. हे एका देहाने कसे दाखवायचे? मारणारा दाखवला तर मार खाणारी दिसत नाही, आणि झटपट जागा बदलत दोघे दाखवले तर तो प्रसंग कसरतीसारखा होतो. अनेक तालमींत मी हा प्रवेश वगळून पुढे जात असे. एके संध्याकाळी ताईंनी सुचवले, “बोलणं सुधाकरचं राहू दे, अंग सिंधूचं ठेव.” मी पाटावर सिंधू होऊन बसलो, मूल मांडीवर घेतले आणि त्याच स्थितीत तोंडाने सुधाकरचे शब्द उच्चारले. त्या बसलेल्या, मुलावर ओणवलेल्या शरीरातून तो शिवीगाळ करणारा आवाज बाहेर पडला तेव्हा मला स्वतःलाच तो परका वाटला. आता सुधाकर कोठेच दिसत नाही. त्याचे बोलणे ज्या माणसावर आदळते ते माणूस फक्त दिसते. काठीचा आघात मी दाखवत नाही. सिंधूचे हात मुलावरून एकदाच निसटतात. पुढे चौकशीला आलेल्या फौजदाराला ती नवऱ्याला वाचवणारे उत्तर देते, तेव्हा माझ्या तोंडी पुन्हा तिचा स्वतःचा आवाज येतो, आणि इतका वेळ तो कोठे दडपला होता हे वेगळे सांगावे लागत नाही. संचातल्या प्रयोगात हे साधणे शक्य नाही, आणि म्हणूनच एकपात्री प्रकार केवळ काटकसरीचा मार्ग आहे असे कोणी म्हटले तर मला ते मान्य होत नाही.

प्रकाशयोजना साधी ठेवली. एक पाट, एक खुर्ची, एक रिकामा पाळणा एवढेच सामान. जागा बदलली तरी दिवे बदलत नाहीत. अंक बदलताना मात्र उजेडाचा घेर लहान होत जातो, तो शेवटच्या अंकात पाटाभोवती उरतो.

पहिले प्रयोग गावातल्या आणि आसपासच्या वाचनालयांच्या सभागृहांत झाले. तेथे पुढच्या रांगेतले ज्येष्ठ प्रेक्षक सुधाकरचे संवाद माझ्याबरोबर, कधी माझ्या आधी, पुटपुटतात. त्याचा त्रास होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात मला त्यांची सोबत झाली. अगदी वेगळा अनुभव आला तो एका व्यसनमुक्ती केंद्रात. तेथे उपचार घेणाऱ्यांपुढे प्रयोग करावा की नाही, यावर आम्ही तेथील समुपदेशकांशी आधी सविस्तर बोललो आणि त्यांच्या सल्ल्याने प्रयोगानंतर चर्चेसाठी वेळ ठेवला. तळीरामाच्या विनोदाला तेथे हशा आला नाही. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो तेथे काही जण एकमेकांकडे पाहून ओळखीचे हसले. आणि शुद्धीवर आलेला, काम मागायला निघालेला सुधाकर ज्या प्रवेशात जागोजागी अवहेलना सोसतो, तेथे मला सभागृहातल्या प्रत्येकाची नजर अंगावर जाणवली. चर्चेत त्यांनी बहुतेक त्याच प्रवेशाबद्दल विचारले. दारू पुन्हा का सुरू होते याचे उत्तर गडकऱ्यांनी मोहात शोधले नाही, लोकांच्या तिरस्कारात शोधले, हे त्या श्रोत्यांनी कोणत्याही समीक्षेवाचून ओळखले होते. इतर ठिकाणी मी तो प्रवेश वेळेअभावी आवरता घेत असे. त्या प्रयोगानंतर तो पूर्ण केला आहे, आणि त्यासाठी आरंभीचा, रामलाल विलायतेला निघतो तो भाग कमी केला.

गीतेचा वाटाही वाढवायचा आहे. तिचा एक संपूर्ण प्रवेश सध्याच्या रंगावृत्तीत नाही आणि सिंधूविषयी प्रयोगानंतर होणारी चर्चा ऐकल्यावर तो हवाच, असे ताईंचे आणि माझे एकमत झाले आहे. त्यासाठी गीतेची नजर, हात आणि गती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागेल. तळीरामासमोर ती बोलते तेव्हा तळीराम ऐकतो का, हा प्रश्न आम्ही सध्या तालमीत सोडवत आहोत. माझे म्हणणे आहे की तो ऐकतो, ताईंचे म्हणणे आहे की तो ऐकल्यासारखे करतो. हे ठरले की सुधारित संहिता परिनिरीक्षणासाठी पाठवू आणि पावसाळ्यानंतर नवे प्रयोग लावू.